गरम पाण्याच्या कुंडातला किरणोत्सार: आंघोळीला येणाऱ्यापेक्षा तिथे दिवसभर बसणाऱ्याची काळजी करा

जुळे सोलापूरमधून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, मधुमेह आहे. भजनी मंडळाबरोबर त्या माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघाल्या आहेत, तिथून किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या गरम कुंडात स्नान करायचं ठरलंय. पुढे वज्रेश्वरीचाही बेत आहे. प्रश्न विचारणाऱ्यांची पत्नी सोबत जाणार, तिला तिसरा महिना. मोबाइलवर एक मेसेज फिरतोय की या झऱ्यांत रेडियम असतं आणि त्याने कॅन्सर होतो. दुसरा मेसेज म्हणतो की त्या किरणांमुळेच सांधे मोकळे होतात, तेव्हा पाणी कॅनमध्ये भरून आणा आणि रोज कपभर प्या. यातलं खरं कोणतं, आणि आमच्या बोअरच्या पाण्यातही असं काही असतं का?

आधी थेट उत्तर. आईंना जाऊ द्या. मोकळ्या कुंडात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने किरणोत्साराचा जो डोस मिळेल तो काळजी करण्याइतका नसतो. पाणी पिण्यासाठी आणू नका. पत्नीने कुंडात उतरू नये, पण त्याचं कारण किरणोत्सार नाही, उष्णता आहे. आईंच्या बाबतीतही मला किरणांपेक्षा त्यांच्या पायांची चिंता जास्त वाटते, त्यावर खाली लिहितो. बोअरचं उत्तर वेगळं आहे, तेही शेवटी येईल.

पर्यावरणातला नैसर्गिक किरणोत्सार मोजणं हे माझं काम. त्यामुळे हा विषय जरा मुळापासून सांगतो, कारण दोन्ही मेसेजमध्ये अर्धं अर्धं खरं आहे आणि अशी अर्धवट माहितीच माणसाला जास्त फसवते.

पृथ्वीच्या पोटातून जी उष्णता बाहेर येते तिच्यातली सुमारे निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या नैसर्गिक विघटनातून तयार होते. म्हणजे झऱ्याच्या ऊबेचा आणि किरणोत्साराचा दूरचा संबंध आहेच. पण यावरून ‘पाणी जितकं गरम तितकं किरणोत्सारी’ असं मानणं चूक आहे. महाराष्ट्रात जागता ज्वालामुखी नाही. पालघर जिल्ह्यापासून थेट राजापूरपर्यंत कोकणात जी गरम पाण्याची कुंडं एका पट्ट्यात सापडतात, वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरचं उन्हाळे, त्यांचं पाणी मुळात पावसाचंच. ते भेगांतून खाली मुरतं, खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. त्यामुळे उन्हवऱ्याला सत्तरीच्या आसपास तापलेलं पाणी वर येतं, तेव्हा ते किमान दीड किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार एवढा हिशेब कुणालाही करता येईल. वर येताना ते थंड होतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही खोल.

आता त्या पाण्यात किती किरणोत्सारी द्रव्य उतरेल हे ते कोणत्या दगडातून फिरलं यावर ठरतं. सोलापूरपासून सह्याद्रीपर्यंत आपल्या पायाखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात युरेनियम सहसा दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असतं, म्हणजे किलोमागे १२ बेकरेलच्या आत. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. ग्रॅनाइटमध्ये हेच चार-पाच भाग, म्हणजे किलोमागे ५० ते ६० बेकरेल. जगभरातल्या मातीची सरासरी ३५च्या जवळपास येते. तेव्हा दख्खनचा कातळ या बाबतीत गरीबच म्हणायचा.

पण कातळ सगळीकडे सारखा जाड नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात खोल विंधन घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवरच काळा पाषाण संपला आणि पुढे अब्जावधी वर्षं जुना नाईस, म्हणजे ग्रॅनाइटच्या जातकुळीतला पट्टेदार खडक, लागला. कोयनेला हीच जाडी नऊशे मीटरच्या वर भरली आणि खाली ग्रॅनाइट-नाईसच निघाला. गरम झऱ्याचं पाणी दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन येत असेल तर काही ठिकाणी त्याची गाठ या जुन्या पायाशी पडणं अगदी शक्य आहे. उनकेश्वर तर दख्खनच्या कातळाच्या कडेजवळच आहे. म्हणून वर काळा दगड दिसतो एवढ्यावर पाण्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक झरा वेगळा मोजावा लागतो.

मोजायचं काय, इथेच बहुतेकांची गफलत होते. बातम्यांमुळे लोकांच्या डोक्यात युरेनियम बसलंय. खोलातलं गरम पाणी प्राणवायूला पारखं असतं, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. अशा पाण्यात युरेनियम विरघळलेलं राहत नाही, दगडालाच चिकटून बसतं. विरघळतं ते युरेनियमच्याच विघटनातून तयार होणारं रेडियम, विशेषतः पाणी खारट असेल तर, आणि कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांत क्लोराइड भरपूर आहे. रेडियम-२२६चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १,६०० वर्षं. ते फुटलं की रेडॉन हा वायू तयार होतो, त्याचं अर्धायुष्य ३.८२ दिवस. रेडॉनला रंग नाही, वास नाही, तो कशाशी संयोग पावत नाही. दगडातल्या रेडियमपासून सुटलेला रेडॉन पाणी वाटेत उचलतं. त्यामुळे पाण्यात रेडियम नगण्य असलं तरी रेडॉन बऱ्यापैकी असू शकतो. झऱ्याचा अहवाल हातात आला आणि त्यात फक्त युरेनियम असेल, तर कामाची माहिती त्यात नाही असं समजा.

गंधकाविषयीही सांगतो, कारण वास आला की लोक ‘किरणं आहेत’ म्हणतात. झऱ्यातलं गंधक किरणोत्सारी नसतं. वासाचा आणि किरणांचा काही संबंध नाही.

रेडॉनचा एक गुण मात्र नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाणी जितकं गरम तितका तो त्यात कमी टिकतो. २० अंशाच्या पाण्यात जेवढा मुरतो त्याच्या निम्माच ६० अंशाला. सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडली की वायू भसकन निघून जातो, तसंच झरा जमिनीबाहेर आला की रेडॉन पाणी सोडून हवेत पळतो. मग प्रश्न उरतो हवा कुठे जाते याचा. कुंड उघड्यावर असेल, वारा वाहत असेल तर तो विरून जातो. कुंडाभोवती भिंती, वर स्लॅब, एक छोटी खिडकी, तीही थंडी वाजते म्हणून बंद, अशी न्हाणी असेल तर तो साठतो.

आता आकडे घालून पाहू. हे कुठल्याही प्रत्यक्ष ठिकाणाचं मापन नाही, हिशेब समजावा म्हणून मुद्दाम जास्तीचा आकडा धरतोय. बंद न्हाणीतल्या हवेत घनमीटरला २,००० बेकरेल रेडॉन आहे असं माना. राहत्या घरासाठी जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेलचं उद्दिष्ट सांगते आणि ते जमत नसेल तरी ३०० ओलांडू नये म्हणते. म्हणजे आपण धरलेला आकडा चांगलाच मोठा आहे. आई तिथे अर्धा तास बसल्या. हवेतल्या रेडॉनवरून डोस काढायचा आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाचा सध्याचा गुणक वापरला तर डोस येतो साधारण ७ मायक्रोसिव्हर्ट. सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या डोसचं माप, आणि हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट. जगातल्या सरासरी माणसाला आकाशातून, जमिनीतून, अन्नातून आणि श्वासातून वर्षाला मिळणारा नैसर्गिक डोस २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. थोडक्यात, इतक्या वाईट न्हाणीतली अर्ध्या तासाची आंघोळ म्हणजे एरवीच्या एका दिवसाची भर. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्नान केलं तरी आठवडाभराइतकी. छातीच्या सिटी स्कॅनमध्ये याच्या शेकडो पट डोस मिळतो. शिवाय इजा रेडॉनपेक्षा त्याच्या विघटनातून होणाऱ्या पोलोनियमसारख्या कणांनी जास्त होते. पाण्यातून नुकत्याच सुटलेल्या रेडॉनसोबत ते कण अजून पुरते तयार झालेले नसतात, त्याला दोन-तीन तास लागतात. त्यामुळे खरा डोस याहूनही कमी निघण्याचीच शक्यता.

मग मी हा विषय इतका लावून का धरतोय? कारण त्याच न्हाणीत आणखी कुणीतरी असतं. पावती फाडणारा माणूस, ओले कपडे उचलणारी बाई, कुंड घासणारा सेवेकरी, आत बसून तेल-मालिश करणारा. हे लोक दिवसाला आठ-आठ तास, वर्षाला तीनशे दिवस त्याच हवेत असतात. तोच २,०००चा आकडा, तोच गुणक, आणि वर्षाचे २,४०० तास धरले की डोस येतो ३२ मिलिसिव्हर्ट. जुना गुणक वापरलात तर याच्या निम्म्याच्या आसपास. भारतात अणुप्रकल्पात काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. त्याच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो, नोंद राहते, मर्यादा जवळ आली की कामाची जागा बदलतात. कुंडावरच्या माणसाला यातलं काही माहीतही नसतं. तो बिडी ओढत असेल तर रेडॉन आणि धूर यांचा फुप्फुसावर होणारा परिणाम आणखी वाढतो. रेडॉनमुळे जगात ३ ते १४ टक्के फुप्फुसाचे कर्करोग होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुसंख्य धूम्रपान करणाऱ्यांत. भाविक येतो आणि जातो. त्याला घाबरवणारे मेसेज फिरतात, पण ज्याचं पोट त्या कुंडावर आहे त्याच्यासाठी कुणी एक ओळ लिहिलेली मला दिसत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. पाणी जिथे उसळतं किंवा तोटीतून पडतं तिथेच वायू सर्वांत जास्त सुटतो. म्हणून पाणी आधी उघड्या हौदात खळाळत पडू द्यायचं आणि मग न्हाणीत आणायचं. ते तसंही अंगाला सोसेल इतकं निववावं लागतंच. न्हाणीच्या भिंतीत समोरासमोर, वर आणि खाली, जाळीच्या खिडक्या हव्यात. पावतीचं टेबल न्हाणीच्या आत न ठेवता बाहेर ओट्यावर ठेवायचं. एवढ्याने हवेतला रेडॉन बऱ्याच ठिकाणी कितीतरी पटीने खाली येतो. तुम्ही जिथे जाल तिथल्या विश्वस्तांशी दोन शब्द बोललात तर फार बरं होईल.

आता पाणी पिण्याविषयी. कॅनमध्ये भरून सोलापूरला आणेपर्यंत रेडॉनचा बराचसा भाग उडून गेलेला असतो. मेसेजवाल्यांच्या मते ज्यात गुण आहे तेच आधी संपतं. मागे काय राहतं? रेडियम असलंच तर ते, शिवाय फ्लोराइड आणि क्षार. गरम झऱ्यांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा. रोज कपभर पिऊन सांधेदुखी हटवायला जाल आणि हाडांवर फ्लोराइड चढवून घ्याल. रेडियमही शरीरात कॅल्शियमच्या वाटेने जातं आणि हाडात बसतं. पिण्याच्या पाण्यात रेडियम-२२६साठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरला १ बेकरेल आहे.

‘किरणांनी रोग बरा होतो’ या समजुतीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. १९०३मध्ये पिएर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रेडियम सतत उष्णता बाहेर टाकतं हे दाखवलं. त्यानंतर लगेचच या जोडीने गरम झऱ्यांतून निघणाऱ्या वायूंतला किरणोत्सार मोजला. तेव्हापासून युरोपातली स्नानगृहं ‘आमच्या पाण्यात रेडियम’ अशी जाहिरात करू लागली. अमेरिकेत तर रेडियम घातलेलं पाणी बाटलीतून विकलं गेलं. ‘रेडिथॉर’ नावाच्या त्या बाटलीत रेडियमच्या दोन प्रकारांचे प्रत्येकी सुमारे ३७,००० बेकरेल असत. एबेन बायर्स या धनाढ्य उद्योजकाने हाताच्या दुखापतीवर औषध म्हणून अशा शेकडो बाटल्या रिचवल्या. त्याच्या जबड्याचं हाड झडलं आणि १९३२मध्ये तो गेला. त्या प्रकरणानंतर तिथे अशा औषधांवर बंधनं आली. आपल्या कुंडाच्या पाण्यात त्या प्रमाणाच्या जवळपासही काही नसतं, हे खरं. पण किरणोत्सार आहे म्हणून औषध, ही कल्पना तिथूनच आली आहे.

आजही ऑस्ट्रियात बाड गास्टाइनला डोंगरातल्या बोगद्यात, घनमीटरला ४०,००० बेकरेलहून जास्त रेडॉन असलेल्या गरम दमट हवेत, संधिवाताच्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक वेळ झोपवतात. जपानात मिसासा, चेक प्रजासत्ताकात याखिमोव्ह इथेही असे उपचार चालतात. काही छोट्या चाचण्यांत वेदना काही महिने कमी राहिल्याची नोंद आहे. पण त्यातला किती वाटा रेडॉनचा आणि किती उबेचा, विश्रांतीचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. माझं मत विचाराल तर गुडघ्याला आराम मिळतो तो गरम पाण्याने. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, स्नायू सैलावतात, रक्त फिरतं. मंडळासोबत चार दिवस बाहेर पडल्याने मनही मोकळं होतं. हा आराम खरा आहे, आईंनी तो जरूर घ्यावा. त्यासाठी पाणी किरणोत्सारी असण्याची गरज नाही.

आता आईंच्या पायांविषयी. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना बोथट होते. पाणी चटका देतंय हे कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतात. त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून आईंनी आधी पाय घालू नये. सोबतच्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावं, शक्य असेल तर साधा थर्मामीटर न्यावा आणि ३८-३९ अंशांपेक्षा गरम कुंड टाळावं. दहा मिनिटं बसावं, हळू उठून बाहेर यावं आणि सोबत नेलेलं साधं पाणी प्यावं, कुंडाचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गरम पाण्यातून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. डोकं पाण्याखाली घालू नये आणि हे पाणी नाकात जाऊ देऊ नये. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर क्वचितच कुणी वाचतं. असा आजार दुर्मिळ आहे, पण काळजी फुकटची आहे, मग का घेऊ नये? बुडी मारून स्नान पुरं होतं अशी आईंची भावना असेल तर लोट्याने खांद्यावरून पाणी घ्यायला सांगा.

पत्नीच्या बाबतीत, रेडॉनचा डोस जवळपास सगळा फुप्फुसाला मिळतो, बाळापर्यंत नगण्य पोचतो. त्याची भीती मनातून काढून टाका. पण पहिल्या तिमाहीत शरीराचं आतलं तापमान ३९च्या वर गेलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोका संभवतो, म्हणून गरम कुंड नको. काठावर बसून पाय सोडायलाही तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कुंडाच्या काठावर पांढरी-पिवळी खपली जमते. कुणी ती खरवडून अंगारा म्हणून आणतं, कुणी घासून त्वचेवर लावतं. पाण्यातलं रेडियम कॅल्शियम आणि बेरियमच्या क्षारांबरोबर याच थरात बसतं. पाण्यात अगदी थोडं असलेलं रेडियम वर्षानुवर्षं साठत जाऊन खपलीत दाट होतं. इराणमधल्या रामसर गावात अशाच झऱ्यांच्या साठलेल्या थरांचा दगड घरांना वापरल्यामुळे जगातल्या सर्वांत जास्त नैसर्गिक किरणोत्साराच्या वस्त्यांत त्याची गणना होते. आपल्याकडे तसले डोंगराएवढे थर नाहीत. तरी खपली घरी आणू नका, पोटात तर मुळीच घेऊ नका. पाइपातला आणि हौदातला गाळ काढणाऱ्याने तो ओला असतानाच काढावा, सुकवून झाडू नये.

परिसराचाही थोडा विचार करू. कोकणात झऱ्याभोवती जांभा असतो. जांभा होताना पावसाने पोटॅशियम धुऊन जातं, पण थोरियम लोहाच्या ऑक्साइडांसोबत मागे राहतं. त्यामुळे तिथे गॅमा मापक, म्हणजे जमिनीतून येणारे भेदक किरण मोजणारं यंत्र, थोडा वर सरकला तर तो कुंडामुळे की जांभ्यामुळे हे वेगळं करावं लागतं. कुंडापासून दूर जाऊन त्याच मातीवर पुन्हा वाचन घेतलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही. रेडॉन अल्फा कण सोडतो, ते जड आणि लगेच अडणारे असतात, त्यामुळे पाण्यातून बाहेरच येत नाहीत. म्हणून ऑनलाइन मागवलेला स्वस्त गायगर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र, काठावर धरून ‘काहीच नाही’ किंवा ‘बापरे’ म्हणणं, दोन्ही व्यर्थ. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या अॅपबद्दल तर बोलायलाच नको, इतक्या कमी पातळीला ती आंधळीच असतात.

पाण्याचा नमुना घेताना बाटली पाण्यात बुडवून, बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, झाकण पाण्याखालीच लावायचं आणि घेतल्याची तारीख-वेळ लिहायची, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गेलेल्या वेळाची भर हिशेबात घालावी लागते. तीच बाटली हवाबंद ठेवून महिन्याभराने पुन्हा मोजली की त्यात किती रेडॉन उरला त्यावरून रेडियम कळतं, कारण मूळचा रेडॉन तोवर संपलेला असतो आणि उरतो तो रेडियमने नव्याने तयार केलेला. न्हाणीतल्या हवेसाठी एक छोटी फिल्म डबीत घालून तीन महिने टांगतात. अल्फा कणांच्या खुणा तिच्यावर उमटतात आणि त्या मोजून सरासरी काढतात. एका दिवसाच्या वाचनावर विसंबू नये, कारण रेडॉन हवेच्या दाबाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, अगदी सकाळ-दुपारप्रमाणे बदलतो.

राहिला तुमच्या बोअरचा प्रश्न. सोलापूर जिल्ह्यात गरम झरा नाही, आणि पायाखाली युरेनियमला गरीब असा काळा पाषाण. त्यामुळे किरणोत्साराच्या यादीत आपलं बोअर खालच्या रांगेत येतं. इथे मात्र झऱ्याच्या उलट रसायन चालतं. बोअरचं उथळ पाणी प्राणवायू मिळालेलं, बायकार्बोनेटने भरलेलं असतं, अशा पाण्यात युरेनियम सहज विरघळतं. शेतातल्या खतांचा आणि सांडपाण्याचा नायट्रेटही त्याला मदत करतो. विरघळायला दगडात मुळात थोडंच आहे, हीच आपली जमेची बाजू.

सोलापूरहून वाडी-रायचूरकडे गाडी निघाली की कलबुर्गीच्या पुढे काळा दगड संपतो, शहाबाद-वाडीचा चुनखडक लागतो आणि यादगिरीला ग्रॅनाइट. त्या भागात शहापूर तालुक्यातल्या गोगीजवळ भ्रंशरेषेवर, म्हणजे खडक तुटून सरकला आहे तिथे, युरेनियमचा साठाच सापडला आहे. तिकडे तुमचे सोयरे राहत असतील आणि बोअरचं पाणी पीत असतील तर त्यांनी युरेनियमची तपासणी जरूर करून घ्यावी. मर्यादा आहे लिटरला ३० मायक्रोग्रॅम. अणुऊर्जा नियामक मंडळाची जुनी मर्यादा ६० होती, म्हणून जुन्या अहवालात तो आकडा दिसेल. घरातल्या शहाबादी फरशीची चिंता नको, चुनखडकात किरणोत्सार कमीच असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यात थोडा जास्त असतो, पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी असेल तर त्याने फरक पडत नाही.

तुमच्या बोअरसाठी मी आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नायट्रेट, फ्लोराइड, काठिण्य आणि जंतू तपासायला सांगेन, कारण आपल्याकडे त्रास होतो तो यांचा. युरेनियम हवं असेल तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत अर्धा लिटर पाणी द्या आणि अहवाल मायक्रोग्रॅममध्ये मागा. पाणी उकळल्याने रेडॉन जातो, पण युरेनियम, रेडियम, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काही जात नाही, उलट आटल्यामुळे दाट होतं. आरओ ही चारही बऱ्यापैकी अडवतं. मात्र त्यातून बाहेर टाकलेलं पाणी त्यांनीच भरलेलं असतं, तेव्हा ते फरशी पुसायला वापरा, जनावरांना पाजू नका.